हे महाशय कोण?

पुण्यातल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी काम शिकले. आमचे चीफ सब-एडिटर बातमीत ‘समवन’ किंवा ‘समबडी’ दिसला की त्याभोवती लाल बॉलपेनने वर्तुळ काढायचे आणि कॉपी परत करताना विचारायचे, “हे महाशय कोण? यांचा फोटो आहे का?”

फोटो अर्थातच नसायचा. मग वार्ताहराने फोन करून नाव, वय, हुद्दा आणायचा, नाहीतर ते वाक्य कापायचं. ‘कोणीतरी दगड मारला’ ही त्यांच्या मते बातमी नव्हती, अफवा होती. मारणाऱ्याचं नाव कळलं नसेल तर ‘नाव कळलेलं नाही’ असं लिहा, पण ‘कोणीतरी’च्या मागे लपू नका, असा त्यांचा नियम. मी तो घेऊन पुणं सोडलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला गेले, ती वर्षं दोन हजार दहानंतरची. डिपेंडंट पासवर असलेल्या बायकांनी तिथे काय करायचं याची ठरलेली उत्तरं होती: योगासनं, डबे किंवा मुलांच्या शिकवण्या. मला तोआ पायोहमध्ये एका छोट्या ऑफिसात संपादनाचं काम मिळालं. खाली दुकानं, वरच्या मजल्यावर आम्ही. मालकीणबाई मिसेस परेरा, साठीच्या, चष्मा गळ्यात, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. त्यांचा व्यवसाय खाजगी पुस्तकांचा होता. निवृत्त झालेली, ऐंशीत पोचलेली माणसं आपलं आयुष्य इंग्रजीत लिहून आणत. आम्ही भाषा साफ करायची, प्रश्न विचारायचे, पानं लावायची, छापून द्यायचं. पुस्तक दुकानात जायचं नाही. वाढदिवसाच्या जेवणात पाहुण्यांच्या हातात पडायचं आणि मग त्यांच्या कपाटात.

भाषा साफ करणं यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे लेखकाला जे सांगायचं टाळायचं आहे ते नेमकं कुठे टाळलंय ते ओळखणं. ते बहुतेक वेळा अगदी साध्या शब्दांत दडलेलं असतं. इंग्रजीत ‘समबडी’ म्हणजे नुसतं कोणीतरी नव्हे. ‘बी समबडी’ म्हणजे मोठा हो. आपण मराठीत ‘नाव काढ’ म्हणतो. ‘ही थिंक्स ही इज समबडी’ म्हणजे तो स्वतःला कोण समजतो. ‘नोबडी’ म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही तो. ‘शी वॉज समथिंग’ म्हणजे ती काही औरच होती. काय औरच, ते लेखकालाही सांगता येत नाही म्हणून तो तसं लिहितो. हे शब्द अंगरख्यासारखे आहेत, कोणाच्याही अंगावर बसतात. म्हणून वर्तुळ काढायचं आणि आत कोण आहे ते विचारायचं.

ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत राहणारे एक मराठी मॅनेजर कंपनीच्या समारंभासाठी स्वतःचा परिचय लिहून घेऊन आले. शीर्षक होतं ‘फ्रॉम नोबडी टु समबडी’. मी विचारलं, “नोबडी असताना कुठे होतात?”

“बाणेरला.”

“एकटेच?”

“नाही, आई-बाबा, आजी, काका...”

“मग नोबडी कसे?”

“मॅडम, हे फिगरेटिव्ह आहे. शब्दशः घ्यायचं नसतं.”

“समारंभाला आई-बाबा येणार आहेत का?”

त्यांनी कागद परत घेतला. दुसऱ्या दिवशी शीर्षक बदलून आलं.

बेडोकला खोली घेऊन राहणारी गौरी नावाची संशोधक मुलगी प्रबंध तपासून घ्यायला आली. बरोबर पुण्याहून आलेली तिची आई. ऋणनिर्देशाच्या शेवटी ओळ होती, ‘अँड टु समवन हू वेटेड.’ मी सवयीने वर्तुळ काढलं होतं. आईने ते पाहिलं.

“हा समवन कोण गं?”

“आई, इंग्लिशमध्ये असं लिहायची पद्धत असते.”

“पद्धत असते म्हणजे? वाट बघत कोण बसलं होतं? मी बसले होते ना पुण्यात?”

“मग तूच समज.”

“मग ‘आई’ लिही की. त्याला इंग्रजीत शब्द नाही?”

गौरीने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी पेन्सिलीला टोक करत होते. शेवटी तिने पेन घेतलं, ‘समवन’ खोडून चेन्नईच्या एका मुलाचं नाव लिहिलं आणि कागद आईपुढे सरकवला. आईने नाव दोनदा वाचलं. मग एकच प्रश्न केला, “मांस-मच्छी खातो का?”

घरी हे सांगितलं की आमचा मुलगा, तिथल्याच शाळेत वाढलेला, म्हणायचा, “आई, नोबडी रीड्स ऑल धिस, लाह.” (‘लाह’ हे तिथल्या बोलण्यातलं शेपूट, आपल्या ‘ना’सारखं.) तो ‘नोबडी’ मी सोडून द्यायची. घरात डेस्क चालवू नये.

ऑफिसचा आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हयात माणसाचं नाव पुस्तकात येणार असेल तर त्याच्याबद्दलचा मजकूर त्याला वाचून दाखवायचा आणि होकार घ्यायचा. पूर्वी एका पुस्तकात लेखिकेने जावेच्या स्वयंपाकाचं खरंखुरं वर्णन केलं होतं. ते तसंच छापलं गेलं आणि दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. तेव्हापासून मिसेस परेरांनी हा नियम केला. तो कोणासाठीही मोडायचा नाही.

मिस्टर टेओ आमच्याकडे आले ते ऐंशीव्या वाढदिवसाच्या पुस्तकासाठी. निवृत्त बंदर-इंजिनिअर, टापटीप, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. बरोबर मुलगी एव्हलिन, पन्नाशीची. ते तिच्याकडेच राहत. त्यांना कॉम्प्युटरवर वाचायचं नव्हतं, म्हणून मी कागदावर पेन्सिलने काम केलं. हस्तलिखित चांगलं होतं. धक्के, क्रेन, भरती-ओहोटी यांवर एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. जेट्टीच्या प्रत्येक खांबाचा हिशेब दिलेला. बालपणाच्या प्रकरणात मात्र माझी पेन्सिल थांबेना. कांपोंगमधलं, म्हणजे जुन्या खेड्यातलं, पत्र्याचं घर. ‘समवन’ सगळ्यांच्या आधी उठून शेगडी पेटवायचं. ‘समवन’ नळावरून पाणी आणायचं. ‘समवन’ गणवेश धुऊन, कोळशाच्या इस्त्रीने इस्त्री करून खुर्चीवर ठेवायचं. आणि एका पानावर, ‘घरात एकाच मुलाला इंग्रजी शाळेत घालणं शक्य होतं, म्हणून समवन ग्लॅडली शाळा सोडून लोकांचे कपडे धुवायला जाऊ लागलं.’ ग्लॅडली, म्हणजे आनंदाने.

मी प्रत्येकाभोवती वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं, ‘कोण?’

कागद परत आले तेव्हा बंदराबद्दलच्या प्रत्येक शंकेला नीट उत्तर होतं. बालपणाच्या एकाही ‘कोण?’पुढे काही नव्हतं. मी फोन केला.

“मिसेस साठे, घरातलं माणूस, दुसरं कोण असणार?” ते म्हणाले. “लिहायची गरज नाही लाह.”

“सगळीकडे एकच व्यक्ती आहे का?”

“एकच.”

“मग नाव घातलेलं बरं. वाचणाऱ्याला वाटेल तुमच्याकडे भुतं कामाला होती.”

ते हसले, पण नाव दिलं नाही. दोन दिवसांनी एव्हलिन एकटी ऑफिसात आली. ती ‘समवन’ तिची आत्या होती. सिऊ एंग, वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं. राहायला आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तोआ पायोहच्याच एका जुन्या ब्लॉकमध्ये.

“मग अडचण काय आहे?” मी विचारलं.

अडचण जुनी होती. वडील निवृत्त झाले तेव्हा कुठल्यातरी अंकात त्यांची मुलाखत आली होती. त्यात वाक्य होतं, ‘विथ नोबडी टु हेल्प हिम’ हा माणूस इथवर पोचला. कोणाच्याही मदतीशिवाय. इंग्रजीत असं लिहितातच. मोठ्या माणसाबद्दलच्या मजकुरात ते वाक्य जवळजवळ शिष्टाचार म्हणून येतं. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. शेजाऱ्याच्या नातवाने तिला अंक वाचून, अर्थ सांगून दाखवला. बिचाऱ्याला वाटलं, तिला अभिमान वाटेल.

“त्यानंतर ती आमच्याकडे जेवायला आलेली नाही,” एव्हलिन म्हणाली. “चिनी नववर्षाला डॅड संत्र्यांची जोडी घेऊन तिच्याकडे जातात. पद्धतीप्रमाणे ती दोन संत्री परत देते, पण जाळीच्या दारातूनच. आत ये म्हणत नाही. वाढदिवसाला तिला मुख्य टेबलावर, स्वतःच्या शेजारी बसवायचंय त्यांना. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. आणि बघा, त्यात काय लिहून ठेवलंय!”

पुढच्या भेटीत मी मिस्टर टेओंना सरळ विचारलं. त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

“तेव्हा नोबडी छापलं होतं,” ते म्हणाले. “आता मी समवन लिहिलंय. नोबडीपेक्षा समवन बरं नाही का?”

ते विनोद करत नव्हते. त्यांच्या हिशेबाने ही दुरुस्तीच होती.

“नाव का नाही?”

“नाव घातलं तर तुमचा नियम आहे. तिला वाचून दाखवावं लागेल. वाचून दाखवायला तिने दार उघडायला हवं.”

मिसेस परेरा पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या, “मग ऑफिसचा नियम म्हणून जा. आम्ही नियमाची माणसं आहोत. मिसेस साठे बरोबर येतील.”

मी येईन असं काही म्हटलेलं नव्हतं.

आम्ही एका दुपारी गेलो. वाटेत त्यांनी बाजारातून गुलाबी पीच फळाच्या आकाराचे, आत भात भरलेले, त्यांच्या टेओच्यू समाजातले केक घेतले, बहिणीला आवडतात म्हणून. लिफ्टमध्ये म्हणाले, “तुम्ही बोला आधी. ऑफिसचं आहे म्हणा.” जहाजांसाठी धक्के बांधणारा माणूस, पण तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी माझ्या मागे उभा राहिला.

जाळीच्या दारापलीकडे छोट्या चणीची म्हातारी आली. आखूड पांढरे केस, फुलाफुलांचा ब्लाऊज, बोटांचे सांधे सुजलेले. भावाकडे पाहिलं, केकच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या हातात ऑफिसची फाइल होती.

“ऑफिस?” तिने विचारलं.

“ऑफिस, आंटी,” मी म्हटलं.

तिने भावाला त्यांच्या भाषेत काहीतरी ऐकवलं. मला फक्त स्वर कळला. खटकन कुलूप निघालं. मिस्टर टेओ पुटपुटले, “म्हणते, ऑफिसच्या बाईला बाहेर उभं करणं बरं दिसत नाही. तू मागून ये.”

एकच खोली. खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल, भिंतीला लागून फोल्डिंगचं टेबल. तिने मला स्टूल दिलं, भावाला नाही. मिस्टर टेओ पलंगाच्या कडेवर बसले. माझ्याजवळ दुसरी प्रत होती. ते कुठवर आले हे मला कळावं म्हणून एका बोटाने ओळ दाखवत ते वाचू लागले. इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि टेओच्यूत, त्यांच्या चिनी बोलीत, सांगायचं.

पत्र्याचं घर झालं. नारळाची झाडं झाली. बोट पहिल्या वर्तुळापाशी आलं. समवन सगळ्यांच्या आधी उठून शेगडी पेटवायचं.

बोट तिथेच राहिलं. ती समोर बसून त्यांच्याकडे बघत होती. कागदावर जे सहज लिहिता आलं, ते समोर बसलेल्या माणसाला तोंडावर सांगता येत नव्हतं. तिलाच कसं सांगणार, की कोणीतरी शेगडी पेटवायचं?

मग त्यांनी वाक्य सांगितलं. लहानच होतं. त्यात एक शब्द मला कळला, कारण तो तिथल्या बाजारात रोज कानावर पडतो. लू. म्हणजे तू.

पुढचं वर्तुळ. लू. पाण्याचं वर्तुळ. लू. गणवेशाचं वर्तुळ आलं तेव्हा ते डोळे पुसायला थांबले. बहिणीने थांबू दिलं नाही. टेबलावर बोट आपटून तिने काहीतरी विचारलं.

“म्हणते, गणवेश खुर्चीवर नाही ठेवायची, गादीखाली. खुर्ची कुठे होती आपल्याकडे?”

मी समासात लिहून घेतलं: खुर्ची नाही, गादी.

मग ‘ग्लॅडली’चं वाक्य आलं. त्यांनी सांगितलं. तिने हात वर केला. पुन्हा सांग. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू. ती बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही. मिस्टर टेओ मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“म्हणते, आनंदाने कोण म्हणालं? मला मास्तरीण व्हायचं होतं. मी पाटी विहिरीत टाकली आणि बापाचा मार खाल्ला. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. पण आनंदाने लिहू नको.”

मी या व्यवसायात बरीच वर्षं काढली होती, तरी हे मला त्या दिवशी कळलं. ‘कोणीतरी’ आनंदाने त्याग करू शकतं. त्याच्या तोंडात कोणतीही भावना घालता येते, ते तक्रार करत नाही. नाव असलेल्या माणसाचं स्वतःचं म्हणणं असतं. माझी वर्तुळं मला इतके दिवस लेखकाची चूक पकडणारी वाटत होती. पाटीचा प्रश्न मी कधीच विचारला नसता.

मी ‘ग्लॅडली’ कापलं. पाटी घालू का, असं विचारलं. त्यांनी बहिणीला विचारलं. तिने विचार केला आणि मान हलवली, हो. नावाचं काय? तिने स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं, आडनावासकट, आणि मी ते इंग्रजीत लिहिलं तेव्हा तिने ते निरखून पाहिलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण लांबी पुरेशी आहे याची खात्री तिने केली असावी.

मग तिने पिशवीतला एक केक काढला आणि भावासमोर ठेवला. बशीत.

वाढदिवसाच्या जेवणाला ती गेली. आम्ही ग्राहकांच्या घरगुती समारंभांना जात नसू, त्यामुळे हे एव्हलिनने सांगितलेलं. मुख्य टेबलावर, भावाच्या उजव्या हाताला बसली. पाटीचं पान कोणीतरी मोठ्याने वाचायला लागलं तेव्हा तिने हात करून थांबवलं, कारण मासा गार होत होता. वरच्या वाक्यात ‘कोणीतरी’ आहे हे माझ्या लक्षात आहे. नाव विचारलं होतं. एव्हलिनला आठवेना.

पुस्तकात आत्याचं नाव छापलं आहे. इथे सगळ्यांची नावं मी बदलली आहेत, तीही या कामाची सवय. खंत आहे ती वेगळी. त्या मुलाखतीतलं ‘विथ नोबडी टु हेल्प हिम’ माझ्यासारख्याच एखाद्या डेस्कवरून पुढे गेलं असणार. वाक्य शुद्ध होतं, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. अशी शुद्ध वाक्यं माझ्याही हातून किती गेली, ते सांगता येणार नाही.

त्या दुपारी, केक खाऊन झाल्यावर, एक वर्तुळ उरलं होतं. प्रकरणाच्या शेवटाजवळ, दोनच ओळी. ‘काही महिने संध्याकाळी समवन नळापाशी सायकल घेऊन उभं असायचं. मग ते यायचं थांबलं.’ इतर सगळ्या वर्तुळांसारखं हेही आत्याचंच असेल असं मी धरून चालले होते. मिस्टर टेओंनी ओळी सांगितल्या, आणि मग मी न सांगता त्यांनी स्वतःहून बहिणीला काहीतरी विचारलं. लहानपणी पाहिलेल्या त्या माणसाचं नाव त्यांनाही माहीत नसावं. ते पुढे झुकून बसले होते.

म्हातारीने माझा कागद ओढून घेतला. पेन्सिलच्या वर्तुळावर बोट ठेवून भावाला विचारलं.

“विचारते, ही खूण कसली?”

“सांगा, ऑफिसला जाणून घ्यायचंय, हे कोण.”

त्यांनी सांगितलं. ती हसली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. समोरचे दोन दात नव्हते. भावाकडे तिने पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून, सरळ इंग्रजीत म्हणाली, “समबडी लाह.”

मी फाइलमधून रबर काढलं आणि वर्तुळ खोडलं.